सात नंबरच्या प्रेसचा राउटर

महाराजांनी पाचवं लिंबू कापलं. सुपरवायझर रणजीतने भिंतीवरचा मेन स्विच पाचव्यांदा वर केला. दोन मिनिटं जप चालला आणि मग शेडमधल्या खांबांवरचे तांबडे दिवे एकेक करून हिरवे होऊ लागले.

खाली बसलेली दोनशे माणसं एकदम उभी राहिली. कोणी हेल्मेट काढून हात जोडले, कोणी टाळ्या वाजवल्या. क्वालिटीचा एक इंजिनिअर मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. "बंद मशीन मंत्रावर चालू झालं राव," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मी दाराशी, पाठीवर बॅग घेऊन उभा होतो. मला काही वाटलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नसे.

माझं नाव धम्मरत्न. मूळचा परभणीचा, बारा वर्षं चिंचवडच्या एका छोट्या कंपनीत फील्ड इंजिनिअर आहे. चाकण भागातल्या कारखान्यांना आम्ही राउटर भाड्याने देतो. मशीनने किती पीस काढले, ते कधी थांबलं, का थांबलं, या नोंदी राउटर मशीनकडून घेतो आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरला पाठवतो. वस्तू हाताच्या पंजाएवढी. पण ज्या बड्या कंपनीला माल जातो, ती या नोंदींशिवाय माल घेत नाही. त्यामुळे राउटर बंद पडले की कारखाना बसतो.

इथे शुक्रवारी सकाळी चौदाच्या चौदा राउटर बंद पडले होते. शनिवारी अकरा वाजता मी पोचलो, तर शेडमध्ये हळदीकुंकवाचं रिंगण आणि मधोमध कोंडाजी महाराज. भगवी कफनी, गळ्यात तीन माळा आणि पायात सेफ्टी शूज, कारण शेडमध्ये सेफ्टी शूजशिवाय कोणालाच सोडत नाहीत.

"बाळांनो," महाराज हात वर करून सांगत होते, "राउटर म्हणजे काय? रूट दाखवतो तो राउटर! वाट दाखवणारा! आणि अपघाती गेलेल्या जिवाची अडचण काय असते? त्याला वाटच सापडत नाही. मग तो कुठे शिरेल? वाट दाखवणाऱ्यातच शिरेल ना! आणि वाय-फाय म्हणजे तरी काय? वायूच! आत्मा वायूतूनच फिरतो. हे तुमच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकात छापलेलं नाही."

माझ्या शेजारी धनेश नावाचा ऑपरेटर उभा होता. आधीच्या खेपांमुळे आमची तोंडओळख होती. तो कानाशी लागून म्हणाला, "चौदातले तेरा लागले बघा. सात नंबरचा नाही लागला. ज्ञानदेवच्या प्रेसचा."

ज्ञानदेव कोण, ते मला माहीत होतं. चौतीस वर्षांचा, हिंगोलीकडचा. सात नंबरच्या पॉवर प्रेसवर, म्हणजे वरून दाबून पत्रा कापणाऱ्या मशीनवर, ब्रॅकेट काढायचा. दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी, दुसऱ्या शिफ्टला, त्याचे दोन्ही हात आत असताना प्रेस खाली आली. हॉस्पिटलात नेईपर्यंत तो राहिला नाही. मशीन धुतलं आणि दोन दिवसांनी ते पुन्हा चालू झालं.

लोकांना बुचकळ्यात टाकणारी गोष्ट वेगळीच होती. प्रेसच्या तोंडाशी एक सुरक्षा सेन्सर असतो. त्याच्यासमोर हात आला की प्रेस खाली येत नाही. चौकशीला सरकारी माणूस आला तेव्हा सेन्सर चालू होता. त्याने समोर लाकडाची पट्टी धरून बघितली, प्रेस जागच्या जागी थांबली. मग त्या रविवारी ती खाली आली कशी? आणि बरोबर तेराव्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, सगळे राउटर मेले. त्यानंतर भूत सोडून दुसरं काही बोलायला माणसं तयार नव्हती.

राउटर का मेले, ते मात्र मला ठाऊक होतं. ते मीच मारले होते.

राउटरच्या आत त्याला चालवणारा एक प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. तो अधूनमधून नवा घालावा लागतो. एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते, म्हणून आम्ही हे काम गुरुवारी ऑफिसात बसून, इंटरनेटवरून करतो. त्या गुरुवारी मला जी फाइल मिळाली तिच्यातच दोष होता. एका राउटरवर घालून बघायची आणि मग सगळीकडे पाठवायची, असा नियम आहे. मी ती तपासली नाही. बटण दाबलं आणि जेवायला गेलो. शुक्रवारी सकाळी सोळा कारखान्यांतले राउटर तांबडे झाले होते.

म्हणून शुक्रवारी दुपारी सगळ्या कारखान्यांना मी एक मेसेज पाठवला होता, मराठीतून, कोणालाही समजेल असा. आता धनेश मला कौतुकाने विधी समजावून सांगू लागला, तेव्हा तो मेसेज मला शब्दाशब्दाने ऐकू आला.

"पाच लिंबं. प्रत्येक लिंबाला लाइट बंद, लाइट चालू. आणि मधे दोन मिनिटं जप. पाचव्याला हिरवा दिवा लागणार, असं महाराजांनी आधीच सांगितलं होतं. आणि तसंच झालं भाऊ!"

तेवढ्यात महाराजांनी पुढे बसलेल्या एका बाईला उभं केलं. ज्ञानदेवची बायको, तनुजा. म्हाळुंग्याच्या खोलीवरून तिला कंपनीच्या गाडीने आणलं होतं. चेहऱ्यावर रडण्याची खूण नव्हती. कोणी उभं केलं की ती उभी राहत होती, बसवलं की बसत होती.

"बाई, त्या रविवारी घरात काय चुकलं?"

"काही नाही."

"आठव. त्याला डबा कोणी दिला?"

"मी दिला."

"तेव्हा तुझी अडचण होती का?"

तनुजाने खाली बघितलं. दोनशे पुरुष ऐकत होते. मशिनं बंद असल्यामुळे पंख्यांचा आवाजही मोठा वाटत होता.

"होती," ती म्हणाली. "घरात दुसरं कोणी नव्हतं. मी डबा केलता."

शेडभर एक सुस्कारा गेला. महाराजांनी डोळे मिटले आणि बऱ्याच वेळाने उघडले. "आता सगळं उलगडलं. बाळांनो, दोष मशीनचा नाही, मालकाचा नाही, कोणाचाच नाही. विटाळाचं अन्न खाऊन तो मशीनसमोर गेला. आता हा चौदावा राउटर हिनेच पदरात घ्यायचा, इंद्रायणीत सोडायचा आणि मागे वळून बघायचं नाही. तरच तो सुटेल आणि हीही सुटेल."

कारखान्याचे मालक जयदीपसाहेब हातात फाइल घेऊन बाजूला उभे होते. फाइलमध्ये एक टाइप केलेला कागद होता. अपघाताबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, असा. विसर्जनाला निघायच्या आधी तनुजाने त्यावर सही करायची होती. रणजीत, म्हणजे दुसऱ्या शिफ्टचा सुपरवायझर, शिडीवर चढून सात नंबरचा राउटर खांबावरून काढू लागला. फार घाईने काढत होता.

मला राग आला असं मी म्हणणार नाही. खोटं होईल ते. ती 'होती' म्हणाली तेव्हापासून माझ्या कानात नुसतं घुमत होतं. पाय आपोआप पुढे गेले आणि ऑफिसात बोलतात त्या सुरात मी म्हणालो, "साहेब, राउटर आमच्या कंपनीचा आहे, भाड्याचा. पाण्यात सोडायच्या आधी नंबर उतरवून रिपोर्ट बनवावा लागेल. अर्धा तास."

जयदीपसाहेबांनी घड्याळ बघितलं. "चहाची सुट्टी आहेच. घ्या उरकून."

राउटर माझ्या हातात देताना रणजीतने तो क्षणभर सोडलाच नाही.

कँटीनमध्ये शालनबाई चहा करत होत्या. हा कारखाना उभा आहे तिथे एकेकाळी त्यांच्या सासऱ्यांचा हरभरा असायचा. आता त्या तिथेच दोनशे माणसांचा चहा करतात. तनुजाला त्यांनी आपल्याजवळच्या स्टुलावर बसवलं. "आधी पानी पी, पोरी. समद्यांसमोर असलं इचारत्यात व्हय कुनी?" तनुजाने ग्लास घेतला आणि नुसता धरून ठेवला.

लोक चहाच्या रांगेत लागले. महाराजही आले, त्यांना खुर्ची मिळाली. मी टेबलावर लॅपटॉप उघडला आणि बॅगेतून एक कोरा राउटर काढला.

"हा नवा आहे. याला कोणी मेलेलं शिवलेलं नाही," मी धनेशला म्हणालो. माझ्या अपेक्षेपेक्षा आवाज मोठा निघाला. रांगेतली माणसं वळली. "आता मी याच्यात गुरुवारचीच फाइल घालतो."

चार मिनिटांत नव्या राउटरचा दिवा तांबडा झाला. शेडमधल्यासारखाच, दोनदा लुकलुकून थांबणारा.

"शालनबाई, एक काम कराल? तुमच्या ओट्यावरचं हे बटण बंद करायचं, चालू करायचं आणि दोन मिनिटं थांबायचं. असं पाच वेळा."

"मंतर काय म्हनू?"

"काही नको."

"मग तवर चहा गाळते."

त्यांनी बटण दाबलं, पातेलं उतरवलं, चहा गाळला. पुन्हा बटण दाबलं, कप भरले. तिसऱ्यांदा बटण दाबून साखरेचा डबा बंद केला. चौथ्यांदा दाबून मधे घुसणाऱ्या एकाला रांगेत मागे पाठवलं. पाचव्यांदा दाबलं तेव्हा कँटीनमध्ये कोणी चहा पीत नव्हतं. दोन मिनिटं झाली. दिवा हिरवा झाला.

"झालं का न्हाई?" शालनबाईंनी विचारलं. त्या पाठमोऱ्या होत्या.

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

महाराज खुर्चीतून म्हणाले, "अरे, तो राउटर नवा आहे. त्याच्यात आत्मा नव्हताच."

"नव्हता," मी म्हणालो. "त्या तेरांतही नव्हता. या राउटरच्या पोटात फर्मवेअरच्या दोन प्रती असतात, एक चालू आणि एक जुनी, राखून ठेवलेली. चालू प्रत बिघडली आणि बंद-चालू करूनही चार वेळा सुरू व्हायला चुकली, की पाचव्या वेळी तो आपणहून जुनी प्रत घेतो. त्याला तसंच बनवलेलं आहे. लिंबू कापा, नाहीतर चहा गाळा. आणि बिघाड भुताने केलेला नाही. मी केला. फाइल न तपासता मी पाठवली. शुक्रवारी दुपारी मी हा मेसेजही पाठवला होता."

मी मोबाईल धनेशच्या हातात दिला. तो मोठ्याने वाचू लागला. "राउटर पाच वेळा बंद-चालू करा. प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबा. पाचव्या वेळी हिरवा दिवा लागेल. न लागल्यास हात लावू नका, आम्ही येतो." तो थांबला. मग त्याने वर नंबर बघितला. "रणजीतभाऊ, हा तर तुमच्या फोनवर आलाय. काल तीन वीसला. पुढे वाचल्याच्या निळ्या खुणा आहेत."

"रोज शंभर मेसेज येतात," रणजीत म्हणाला. "कोण वाचतं?"

महाराज काही कच्चे नव्हते. ते उठून उभे राहिले. "बरं, तेरांचं सांगितलंस. मग सात नंबरचाच का नाही लागला? ज्या मशीनवर तो गेला, नेमका त्याच मशीनचा? सांग ना! आहे उत्तर?"

रांगेतली माणसं माझ्याकडे बघू लागली. प्रश्न बरोबर होता.

"तो जुन्या बनावटीचा आहे. त्याच्यात एकच प्रत मावते, राखीव प्रत नाही. बाकीचे तेरा आम्ही मागच्या वर्षी बदलले. सात नंबर बदलायला तीनदा आलो होतो. प्रेस तासभर थांबवावी लागली असती, ती कोणी थांबवू दिली नाही. असा राउटर केबल लावून, हाताने दुरुस्त करावा लागतो."

मी निळी केबल जोडली. जुनी चांगली फाइल लॅपटॉपमध्ये होतीच. ती आत जायला बारा मिनिटं लागली. स्क्रीनवर नुसते आकडे सरकत होते. तेवढा वेळ कोणी कँटीन सोडलं नाही. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला, तरीही नाही. मग सात नंबरचा राउटर हिरवा झाला, बाकीच्यांसारखाच.

तिथे माझं काम संपलं होतं. पण दिवा हिरवा होताच लॅपटॉपवर ओळी येऊ लागल्या, थांबेचनात. मला आधी कळलं नाही. मग आठवलं. या राउटरला ऑफिसकडून फाइल मिळत होती, पण त्याच्या नोंदी ऑफिसला पोचणं महिनाभर बंद होतं. तशी तक्रार माझ्या यादीत होती आणि मी आलो नव्हतो. नोंदी पोचत नसल्या की राउटर त्या आपल्याच कार्डात साठवतो. फर्मवेअर बिघडलं तरी त्या पुसल्या जात नाहीत. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर या प्रेसचे त्या महिन्याचे नुसते कारखान्याने हाताने भरलेले पीसचे आकडे होते. बाकी जे होतं ते इंद्रायणीत जायला निघालेल्या या पेटीत होतं.

मी त्या रविवारपर्यंत खाली आलो आणि वाचलं. आधी मनात, मग मोठ्याने.

"दुपारी तीन दहा. सुरक्षा सेन्सर बंद केला, चावीने. चार अठ्ठेचाळीस. प्रेस खाली. चार अठ्ठेचाळीस. आपत्कालीन बटण दाबलं. चार एक्कावन्न. सुरक्षा सेन्सर चालू केला, चावीने."

चहाची रांग मोडून माणसं टेबलाभोवती जमली.

"चावी कोणाकडे असते?" मी विचारलं.

धनेश जमिनीकडे बघत म्हणाला, "शिफ्टच्या सुपरवायझरकडे." आणि मग, कोणी न विचारता, "दुसऱ्या शिफ्टला सेन्सर रोजच बंद असतो. चालू असला की तासाला नव्वद पीस निघतात. बंद केला की एकशे तीस. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे."

"मग चौकशीत का नाही बोललास?"

"चौकशीला ते आले तेव्हा सेन्सर चालू होता ना. मला वाटलं, त्या दिवशी एखादवेळेस चालूच असेल." त्याचा चेहरा कसातरी झाला. "तसं वाटून घेतलं मी."

"टार्गेट काय मी ठरवतो?" रणजीत ओरडला. "साहेबांना विचारा ना! एकशे तीस कोणी लिहून दिले, विचारा!"

"हा कंपनीचा डेटा आहे," जयदीपसाहेब माझ्याजवळ येऊन म्हणाले. "लॅपटॉप बंद करा." मी बंद केला. पण तोवर दहाबारा जणांनी स्क्रीनचे फोटो काढलेले होते.

महाराज कधी उठून गेले ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

तनुजा स्टुलावरून उठली होती. हातातला पाण्याचा ग्लास तसाच भरलेला. ती माझ्या टेबलापाशी आली आणि बंद लॅपटॉपकडे बोट दाखवून तिने विचारलं, "दादा, यात डब्याचं काही लिहिलंय का?"

"नाही, तनुजाताई."

"मी केलता म्हणून..."

"नाही. सेन्सर बंद होता. माणसाने चावी फिरवून तो बंद केला होता. डबा तुम्ही केला काय, खानावळीतला आणला काय, प्रेस खाली आलीच असती."

ती पाणी प्यायली, पूर्ण ग्लास. जयदीपसाहेबांच्या फाइलमधला कागद बाहेर डोकावत होता. त्याकडे बघून ती म्हणाली, "मी सही करणार नाही." आवाज चढलेला नव्हता. शालनबाईंनी तिच्या हातातून ग्लास घेतला आणि तिला दारापर्यंत सोडलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. फोटो बाहेर गेले. चौकशी पुन्हा सुरू झाली आणि या वेळी राउटर सील करून नेला. रणजीतवर गुन्हा दाखल झाला. जयदीपसाहेबांचं नाव त्यात घालायला तनुजाला आणखी चार महिने खेपा घालाव्या लागल्या. कोंडाजी महाराजांविरुद्ध धनेश आणि इतर नऊ जणांनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. शेडमध्ये काढलेला तो व्हिडिओच पुरावा म्हणून लागला. मला ऑफिसने नोटीस दिली, फाइल न तपासल्याबद्दल. ती मला मान्य होती. आता प्रत्येक फाइल आधी एका राउटरवर घालून बघतो, जेवायची वेळ झाली तरी.

एकदा चौकशीच्या ऑफिसबाहेर तनुजा भेटली. चहा घेताना म्हणाली, "दादा, आज मी आत ओरडले. टेबलावर हात आपटला. ते गेल्यापासून मला काही होतच नव्हतं, रडू नाही, काही नाही. आज राग आला." हे सांगताना तिचे डोळे भरले आणि मग ती रडली, रस्त्यावर, लोकांसमोर. मी शेजारी उभा राहिलो. मग माझेही डोळे मी पुसले.

ही गोष्ट मी आता ठिकठिकाणी सांगतो. लोक विचारतात, भूत नसतं हे कशावरून? मी त्या वादात पडत नाही. आमच्या कामात एखादी वस्तू बंद पडली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, बंद पडायच्या आधी कोणी काय बदललं? तुम्हीही तेवढंच विचारा. कोणी आजारी पडलं, कोणी गेलं, कारखाना बसला, तर कोणाच्या अंगात आलं हे विचारण्याआधी हे विचारा, आणि उत्तर कागदावर मागा. विधी करून फरक पडला असं कोणी म्हणालं, तर तेच काम विधीशिवाय करून बघा. आणि एखादा माणूस सगळा दोष घटना घडली तिथे नसलेल्या बाईच्या स्वयंपाकात शोधत असेल, तर तिथे असलेला कोण त्यातून सुटतोय, तेही बघा.

यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. त्या शेडमधल्या दोनशे माणसांना सेन्सर बंद असतो हे माहीत होतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही एकमेकांना विचारलं नव्हतं.